ब्रेकमास्तरांची कबुली

ब्रेकमास्तरांना जाग आली तेव्हा त्यांची दोन्ही मुलं समोर उभी होती आणि थोरली रडत होती. थोरली रडतेय, याचंच त्यांना आधी नवल वाटलं. आई गेली त्या दिवशीसुद्धा ही पोरगी येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी खुर्च्या मांडत होती, कोणाला पाणी हवं-नको बघत होती. धाकटा तिच्या मागे भिंतीला टेकून उभा होता. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"बाबा," थोरली म्हणाली, "काय करून बसलात हो तुम्ही?"

मास्तर ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्या खोलीत आरामखुर्चीत होते. सर्दीने डोकं जड झालं होतं म्हणून जेवणानंतर गोळी घेतली आणि तिथेच डोळा लागला, एवढं त्यांना आठवत होतं. त्यांनी चष्मा शोधला, डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "काय केलं मी?"

"तुम्ही गाडी घेऊन गेला होतात."

"कधी?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग थोरलीने सांगायला सुरुवात केली. आम्ही दोघं वर घरात होतो. गाडीचा आवाज ऐकला, पण वाटलं, तुम्ही शिकवणीला निघालात. थोड्या वेळाने गाडी परत आली. खाली येऊन बघतो तर तुम्ही खुर्चीत झोपलेले आणि गाडीचा पुढचा दिवा फुटलेला. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. बस डेपोच्या कोपऱ्यावर कोणीतरी एका बाईला उडवून पळालंय, गाडी ड्रायव्हिंग स्कूलची होती म्हणे.

"कोण बाई?"

थोरलीने खाली मान घातली. "बसवाली."

मास्तरांनी आयुष्यभरात अर्ध्या शहराला गाडी शिकवली होती. शेजारच्या सीटवर बसून, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून, "ब्रेक, ब्रेक, ब्रेक" असा घोष करत त्यांनी इतकी वर्षं काढली की त्यांचं खरं नाव पोस्टमनलाही आठवेना. पण एवढ्या चेल्यांत त्यांचा जीव होता तो या बसवालीवर. ही पोरगी पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली होती, मला बस चालवायचीय, आणि ऑफिसात बसलेले चारजण हसले होते. मास्तर हसले नाहीत. आज ती शहरातली सगळ्यात लांब पल्ल्याची बस चालवायची आणि स्कूलवरून जाताना न चुकता हॉर्न द्यायची.

ते उठले, बाहेर गेले, गाडीसमोर उभे राहिले. दिवा फुटला होता. बॉनेटला पोचा पडला होता. त्यांनी त्या पोच्यावर तळहात ठेवला आणि काही आठवतंय का ते पाहिलं. काहीच आठवलं नाही. आठवणार कसं, ते मनाशी म्हणाले. मागच्या वर्षी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा भुलीच्या औषधाने त्यांच्या डोक्याचा पार काला झाला होता. थोरलीला बायकोच्या नावाने हाका मारल्या, परिचारिकेला 'क्लच सोड' म्हणून दम भरला. महिनाभरात सगळं ताळ्यावर आलं, पण घरात तो विनोद राहिलाच. चष्मा सापडेना की धाकटा म्हणायचा, "बाबांना विचारू नका, ते कुठल्या गावात आहेत तेच त्यांना माहीत नाही." मास्तर स्वतःही हसायचे. आता त्यांना त्या हसण्याचा अर्थ कळला. पोरांना आधीच दिसलं होतं, आपल्यालाच दिसलं नव्हतं.

त्यांनी आत येऊन बूट चढवले. "चला, चौकीवर जाऊ."

"वकिलांशी बोलून घेऊ आधी," थोरली म्हणाली.

"वकील काय सांगणार? माणूस उडवलाय मी."

हे ऐकलं आणि धाकटा धावत मोरीकडे गेला. त्याला भडाभडा उलटी झाली. मास्तर त्याच्यामागे गेले, त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागले. पोर लहानपणी तापात पडायचं तेव्हा फिरवायचे तसाच. "अरे वेड्या," ते म्हणाले, "चूक माझी, तू कशाला जिवाला लावून घेतोस? मी आहे ना." धाकट्याने नळ सोडला, चेहरा पाण्याखाली धरला आणि बराच वेळ वर काढलाच नाही.

चौकीतला साहेब मास्तरांचाच जुना विद्यार्थी होता. गाडी मागे घेण्याच्या परीक्षेत दोनदा नापास झालेला. समोर मास्तरांना बघून तो उठून उभा राहिला, आणि कशासाठी आलेत हे कळल्यावर परत बसायचं विसरला.

"मास्तर, तुम्ही? नक्की?"

"नक्की."

"काय झालं ते सांगता येईल?"

मास्तरांनी थोरलीकडे पाहिलं. ती हळू आवाजात म्हणाली, "ती डावीकडून आली ना बाबा? तुम्ही मघाशी म्हणालात तसं?"

आपण असं म्हणालो होतो का, हे मास्तरांना आठवेना. पण पोरगी खोटं कशाला सांगेल? "हो," ते म्हणाले. "डावीकडून आली." साहेबाने लिहून घेतलं. लायसन्स मास्तरांनी स्वतःच खिशातून काढून टेबलावर ठेवलं.

त्यानंतरचे दिवस मास्तरांनी वरच्या खोलीत काढले. खाली स्कूल चालू राहिलं. धाकटा शिकवायला लागला, ऑफिस थोरलीकडे होतंच. लोक बरे होते. शेजारपाजारचे म्हणायचे, वय झालं की व्हायचंच, पोरं किती करतात बघा. खरंच करत होती. थोरली दोन्ही वेळचं ताट वर आणून द्यायची आणि समोर बसायची. मास्तर विचारायचे, "परत सांग." ती परत सांगायची. तुम्ही असे निघालात, असे वळलात, ती डावीकडून आली, तिच्या हातात पिशवी होती. धाकट्याला विचारलं की तो म्हणायचा, "ताईला विचारा." वकिलांनी बजावलंय, त्या बाईकडे फिरकायचं नाही, हेही थोरलीने चारचारदा सांगितलं.

आणि हळूहळू मास्तरांना दिसायला लागलं. आधी नुसती पिशवी दिसली. मग डावीकडून येणारी बसवाली. मग तो आवाज, ओली गादी जमिनीवर आपटावी तसा. दात घासतानाही तो आवाज यायचा. एकदा घास तोंडात असताना आला आणि त्यांनी ताट सरकवून दिलं. एका परीने त्यांना बरंही वाटलं. निदान आठवतंय तरी. ज्याचं प्रायश्चित्त घ्यायचं ते डोळ्यांसमोर तरी आहे.

बसवाली वाचणार, असं शेवटी पेपरवाल्याने सांगितलं. जबडा तारांनी बांधला होता तो आता सोडलाय, उजवा हात अजून प्लास्टरात आहे, पण तोंडाने दोन शब्द बोलते. हे ऐकल्यावर मास्तरांना घरात बसवेना. मुलं खाली कामात होती. ते मागच्या जिन्याने उतरले आणि पायीच इस्पितळात गेले.

वॉर्डाच्या दारातच बसवालीची आई बाकावर बसली होती. तिने मास्तरांना ओळखलं आणि ती ताडकन उठली.

"परत कशाला आलात? अर्धवट राहिलं म्हणून?"

मास्तरांनी हात जोडले. "एकदा माफी मागू द्या. मग परत तोंड दाखवणार नाही."

"माझ्या मुलीला काही सांगितलेलं नाही आम्ही. तुमचं नाव ऐकलं तर खचेल ती. तुम्हाला देव मानते, कळलं का? चालते व्हा."

मास्तर वळलेही असते. पण आतून कोणीतरी चमच्याने पलंगाचा लोखंडी दांडा बडवायला लागलं. बसवालीने आवाज ओळखला होता. म्हातारी आत डोकावली, तर ती डाव्या हाताने खुणा करत होती, येऊ दे, येऊ दे.

मास्तर पलंगाशी जाऊन उभे राहिले. तिचा चेहरा एका बाजूने अजून सुजलेला होता. ती हसायचा प्रयत्न करत होती, ते त्यांना बघवेना.

"पोरी, मला माफ कर," ते म्हणाले. "मी गोळी घेतली होती. डोकं ठिकाणावर नव्हतं. तू डावीकडून आलीस आणि मला दिसलीच नाहीस. थांबलोही नाही मी. तुला तिथे टाकून घरी जाऊन झोपलो."

बसवाली त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने आईकडे पाहिलं, पुन्हा मास्तरांकडे.

"तुम्ही?" तिला शब्द चावून चावून बोलावे लागत होते. "तुम्ही कुठे होतात गाडीत?"

"चालवत होतो."

"नाही."

"अगं, मी कबूल केलंय. चौकीत लिहून दिलंय."

"मास्तर," ती म्हणाली, "मी उजवीकडून येत होते. डेपोतून. डावीकडे भिंत आहे. तिथून कोण येणार?"

डेपोची भिंत मास्तरांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. तीस वर्षं त्या भिंतीला लागून त्यांनी पोरांना गाडी वळवायला शिकवलं होतं.

"धाकटा चालवत होता," बसवाली म्हणाली. "शेजारी ताई होती. भांडत होते दोघं, तोंडं एकमेकांकडे. मी हात केला त्यांना. ओळखीचे म्हणून." ती दम घ्यायला थांबली. "नंतर ताई उतरली. माझ्याजवळ आली, वाकली. मला वाटलं, उचलणार. मी तिच्या ओढणीचं टोक धरलं. तिने ते सोडवून घेतलं आणि गाडीत जाऊन बसली."

म्हातारीने तोंडावर हात घेतला. मास्तरांनी पलंगाचा दांडा घट्ट धरला. त्यांना वाटलं, ही पोरगी भ्रमात बोलतेय, डोक्याला मार लागलाय. मग वाटलं, नाही, भ्रमात तर आपण आहोत. आपल्याला तो आवाज ऐकू येतो, पिशवी दिसते. ती कुठून आली?

"तुझ्या हातात पिशवी होती?" त्यांनी विचारलं.

"नव्हती. डबासुद्धा डेपोतच राहिला होता."

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "उद्या सकाळी साहेब येणार आहेत जबाब घ्यायला. मला ठाऊकच नव्हतं, तुमच्यावर आलंय ते. काय सांगू मी, मास्तर? तुम्ही सांगाल तसं."

मास्तरांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि ते बाहेर पडले.

घरी आले तेव्हा थोरली ऑफिसात होती आणि धाकटा दारात गाडी धूत होता. नवा दिवा बसवला होता, पोचा काढला होता. "बाबा, कुठे गेला होतात? आम्ही किती घाबरलो," थोरली म्हणाली. मास्तर तिच्या समोरच्या, विद्यार्थ्यांच्या खुर्चीत बसले. धाकट्यालाही आत बोलावलं.

"मला परत सांग," ते म्हणाले. "त्या दिवशी मी काय केलं?"

थोरलीने सुस्कारा सोडला आणि सुरुवात केली. तुम्ही असे निघालात, असे वळलात. मास्तर तिच्या तोंडाकडे बघत होते. कुठे अडखळणं नाही, पापणी लवणं नाही, आवाजात माया. ही माझी मुलगी आहे, ते मनाशी म्हणाले, हिला मी सायकल शिकवली. सगळं संपेपर्यंत त्यांनी तिला बोलू दिलं.

"ती बोलायला लागली," मग ते म्हणाले.

धाकटा होता तिथेच जमिनीवर बसला. थोरलीने हातातलं पेन टोपण लावून टेबलावर ठेवलं.

"काय म्हणाली?"

"भिंतीतून कोणी येत नाही, असं म्हणाली."

बाहेर नळ तसाच वाहत होता. शेवटी थोरली बोलली आणि आता तिच्या आवाजात मायाबिया काही नव्हती. रोजचा, ऑफिसातला आवाज होता.

"तुमचं काय गेलं बाबा? लायसन्स. या वयात तुम्हाला कोण तुरुंगात टाकतंय? याचं अख्खं आयुष्य जायचं. स्कूल बंद पडायचं. तुम्हीच उभं केलेलं स्कूल."

"मग मला सांगायचंस. अंगावर घ्या म्हणायचंस. मी घेतलं नसतं?"

"नसतं घेतलं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाला असतात, उठ, बूट घाल, चौकीवर चल. मी तुम्हाला ओळखत नाही का?"

इस्पितळापासून घरापर्यंत मास्तर एकच गोष्ट मनात घोळवत आले होते, पोरांनी मागितलं असतं तर मी जीव दिला असता. आणि आता त्यांना कळलं की तसं नव्हतं. थोरली खरं बोलत होती. केसाने गळा कापला होता तिने, पण गळा कुठे आहे हे तिला नेमकं ठाऊक होतं.

"मी सांगणार होतो," धाकटा खालून म्हणाला. "मोरीत तुम्ही पाठीवरून हात फिरवलात ना, तेव्हा."

"मग?"

"मग तुम्ही म्हणालात, मी आहे ना."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "कशावरून भांडत होतात गाडीत?" त्यांनी थोरलीला विचारलं.

"स्कूल कोणाच्या नावावर करायचं, त्यावरून."

"अजून मी आहे की."

तिने टेबलावरचं पेन सरळ केलं.

"तुझ्या पायाशी ब्रेक होता," मास्तर म्हणाले. "त्या सीटवर बसून मी कधी पाय काढला नाही त्याच्यावरून."

"लक्ष नव्हतं."

"आणि खाली उतरलीस तेव्हा? ती जिवंत आहे, दिसलं होतं?"

थोरली पहिल्यांदाच खिडकीबाहेर बघायला लागली. "दिसलं होतं."

मास्तरांना वाटलं होतं, दुपारी इस्पितळात जे ऐकलं त्याहून वाईट आता काही ऐकायचं राहिलं नाही. आपल्याशी खोटं बोलली, आपल्याला वेड्यात काढलं, ते एकवेळ घरातल्या घरात होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. पण जिवंत आहे हे दिसत असूनही रस्त्यात पडलेल्या बाईच्या हातातून ओढणी सोडवून घेणारा हात याच घरात वाढला होता. उठून उभं राहायला त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला आणि थोरली सवयीने त्यांना धरायला पुढे आली. ते मागे सरले. आयुष्यात पहिल्यांदा.

"ती तुमचं ऐकते," थोरली म्हणाली. "आठवत नाही एवढंच म्हणायला सांगा तिला. दोन शब्द. बाबा, आम्ही तुमची पोटची पोरं आहोत."

मास्तर वर गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. ते दोन शब्द त्यांनी मनात म्हणून पाहिले नाहीत, असं नाही. म्हणून पाहिले. अनेकदा.

सकाळी ते साहेबाच्या आधी इस्पितळात पोचले. बसवालीने नजरेनेच विचारलं. त्यांनी मान हलवली, पण त्या हलवण्याचा अर्थ तिलाही कळला नसावा. साहेब आला, खुर्ची ओढून बसला.

"आधी माझं लिहून घ्या," मास्तर म्हणाले. "मी त्या दिवशी खोटं सांगितलं. पण ते खोटं आहे हे मला ठाऊक नव्हतं."

साहेबाला काही उमगेना. "म्हणजे कसं, मास्तर?"

"तिने काय पाहिलं ते तिला सांगू दे. म्हणजे कळेल." ते बसवालीकडे वळले. "जे दिसलं तेच सांग, पोरी. काही वगळू नकोस."

एवढं बोलून ते बाहेर आले. ऐकायला थांबणं त्यांना जमलं नसतं. बाकावर म्हातारी बसली होती. ती सरकली आणि तिने त्यांना बसायला जागा करून दिली.

पुढे व्हायचं ते झालं. धाकट्याने पहिल्याच दिवशी सगळं कबूल केलं, त्याला शिक्षा झाली. थोरलीने शेवटपर्यंत कबूल केलं नाही, तिलाही झाली. कोर्टात तिच्या वकिलाने सांगितलं, म्हातारा भ्रमिष्ट आहे, त्याचं काय धरून बसता. म्हणून मास्तरांना डॉक्टरांपुढे बसवण्यात आलं. डॉक्टरांनी सांगितलं, यांची बुद्धी शाबूत आहे, स्मरण वयाच्या मानाने चांगलं आहे. हे भर कोर्टात वाचून दाखवलं गेलं तेव्हा मास्तर मान खाली घालून बसले होते. कारण त्याही क्षणी त्यांना बसवाली डावीकडून येताना दिसत होती, हातात पिशवी घेऊन. न घडलेली गोष्ट डोक्यातून पुसता येत नाही.

भेटीच्या दिवशी ते दोघांकडेही जायचे. धाकटा भेटायचा, रडायचा, कधी दोन गोष्टी बोलायचा. थोरली भेटायला नकार द्यायची. तरी ते तिच्या तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत वेळ संपेपर्यंत बसायचे आणि उठून यायचे. असं कितीतरी वेळा झालं. मग एक दिवस ती आली. वाळली होती. समोर बसली, टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"जेवता का नीट?"

"जेवतो."

"घरी एकटेच?"

"एकटाच."

"निघताना दार नीट लावलंत ना?"

तिने सवयीने विचारलं होतं. मास्तर 'हो' म्हणणार होते. कडी घातली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं, सगळं त्यांना स्वच्छ आठवत होतं. पण तिने विचारलं आणि ते हलायला लागलं. लावलं का? की कालचं आठवतंय? त्यांचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला. किल्ली होती, पण किल्लीने काय सिद्ध होतं? त्यांच्या कपाळावर घाम आला.

थोरली त्यांच्याकडे बघत होती. तिने त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं पाहिलं. तिचा हात टेबलावरून थोडा पुढे आला आणि थांबला.

"लावलं असेल तुम्ही," ती म्हणाली. "तुम्ही कधी विसरत नाही. मी आपलं सहज विचारलं, बाबा."

तिने कपाळ टेबलावर टेकवलं. मास्तर हात मांडीवर ठेवून बसून राहिले. तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं त्यांना वाटलं, पण ठेववला नाही. पहारेकरीण वेळ संपल्याचं सांगायला आली.

ते घरी पोचले. दाराला कुलूप होतं.